तेच मणी तिसऱ्यांदा का विकत आणले जातात? घरातल्या क्राफ्ट स्टुडिओच्या सामानाचं गणित

राखीपौर्णिमा दहा दिवसांवर आली होती. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे साठ राख्यांची ऑर्डर होती. रेशमी दोरे होते, गोंडे तयार होते, डिझाईन पसंत झालेलं होतं. फक्त चार मिलिमीटरचे सोनेरी मणी सापडत नव्हते. ते घरातच आहेत याची तिला खात्री होती. पलंगाखालचे खोके उपसून झाले, कपाटावरच्या पिशव्या उतरवून झाल्या. शेवटी ती लोकल पकडून मुंबईला गेली आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवरून नवं पाकीट घेऊन आली. कामाचा अख्खा दिवस गेला.

दिवाळीच्या साफसफाईत जुने मणी सापडले. एक नाही, दोन पाकिटं. दोन्ही न फोडलेली. म्हणजे हे मणी तिने तिसऱ्यांदा विकत आणले होते.

तिने कागदावर हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं, की त्या ऑर्डरमध्ये जेवढे पैसे सुटायला हवे होते, त्यातला मोठा वाटा या एका शोधाशोधीत गेला. ग्राहकाने भाव पाडला नव्हता, कामही बिघडलं नव्हतं. पैसे गेले होते ते पलंगाखाली.

राख्या, तोरणं, रेझिनच्या नावाच्या पाट्या, क्रोशाच्या बाहुल्या, सुगंधी मेणबत्त्या, ऑक्सिडाइज्ड दागिने असं काहीतरी घरून करणारं कुणीतरी आता बहुतेकांच्या ओळखीत असतं. 'स्टुडिओ' हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात तो बेडरूमचा एक कोपरा असतो, बंद केलेली बाल्कनी असते किंवा जेवणाच्या टेबलाचं अर्धं राज्य असतं. 'क्राफ्ट रूम' असं शोधलं, की पांढरी कपाटं आणि काचेच्या बरण्यांचे देखणे फोटो समोर येतात. इथे त्या फोटोंबद्दल बोलायचं नाही. सामानाची मांडणी चांगली आहे की नाही, हे तीन प्रश्नांवर ठरतं. माझ्याकडे काय आहे? ते कुठे आहे? आणि हातात घेईन तेव्हा ते वापरण्याजोगं असेल का?

पसारा नेमका कशामुळे होतो?

आपण पसाऱ्याचा दोष आळसाला देतो. खरं कारण बहुतेक वेळा खरेदीच्या पद्धतीत असतं.

मुंबईत भुलेश्वर किंवा मंगलदास मार्केट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, नागपुरात इतवारी. अशा घाऊक बाजारात गेलं की नग सुटे मिळत नाहीत. मणी पावकिलोने, लेस पूर्ण रिळाने, बटणं बारा डझनांच्या ग्रोसने. तुम्हाला हवे असतात तीस नग, हातात येतात एकशे चव्वेचाळीस. उरलेले एकशे चौदा घरी राहतात. प्रत्येक ऑर्डरमागे असं थोडं थोडं उरत जातं आणि वर्षभरात त्याचा डोंगर होतो.

दुसरं कारण म्हणजे सामान दुकानाच्या पिशवीसकट ठेवण्याची सवय. मार्चमध्ये आणलेल्या पिशवीत लेस, गोंद आणि मणी. जूनच्या पिशवीत पुन्हा मणी, शिवाय मेण. यात सामानाची विभागणी झाली ती खरेदीच्या तारखेप्रमाणे. काम करताना मात्र आपण तारीख शोधत नाही, मणी शोधतो.

तिसरं कारण सगळ्यात साधं आहे. जे दिसत नाही, ते आपल्यापुरतं नसतंच. अपारदर्शक खोक्यात तळाशी गेलेलं पाकीट मेंदूच्या यादीतून निघून जातं आणि पुढच्या बाजारफेरीत आपण तेच पुन्हा उचलतो.

दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर पडून असलेला माल म्हणजे अडकलेली रोकड. मोठ्या दुकानात वर्षाखेरीला शिल्लक माल मोजून हिशोबात धरतात. घरून काम करणारे बहुतेक जण फक्त खर्च लिहितात, शिल्लक मोजत नाहीत. त्यामुळे 'विक्री चांगली आहे, पण हातात काही राहत नाही' ही तक्रार सुरू होते. पैसा गेलेला नसतो, तो मण्यांच्या आणि लेसच्या रूपात घरातच बसलेला असतो.

आधी मोजणी, मग डबे

आवरायचं ठरलं की पहिली चूक होते ती डबे विकत घेण्याची. काय ठेवायचं आहे हे माहीत नसताना आणलेले डबे स्वतःच पसारा होतात. क्रम उलटा हवा.

एका रविवारी जमिनीवर जुनी चादर पसरा आणि घरभर विखुरलेलं सगळं सामान तिच्यावर आणा. सगळं म्हणजे सगळं. मग चार ढीग करा. गेल्या तीन महिन्यांत वापरलेलं 'चालू'. वापर नक्की आहे पण जास्तीचं आहे तो 'साठा'. कधीतरी लागेल असं वाटतं ते 'शंका'. वाळलेलं, गंजलेलं, तुटलेलं किंवा ज्या कलेचा नाद आता सुटला आहे ते 'निरोप'.

'शंका' या ढिगावर भांडत बसू नका. तो एका खोक्यात भरा, वर आजची तारीख लिहा आणि बाजूला ठेवा. सहा महिन्यांत त्यातलं जे काढावं लागलं ते ठेवा, बाकीचं कुणाला तरी द्या. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना लेस, मणी आणि कागदाचे तुकडे कधीच जास्त होत नाहीत.

आता मोजणी. हजारो मणी मोजायचे कसे? सोनारासारखे, वजनाने. शंभर मणी मोजून छोट्या डिजिटल काट्यावर ठेवा. समजा ते १२ ग्रॅम भरले. मग ९० ग्रॅमच्या पाकिटात साधारण ७५० मणी आहेत. बटणं, टिकल्या, आरसे, कड्या या सगळ्यांना हा हिशोब चालतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो, मात्र मणी अगदी बारीक असतील तर शंभरऐवजी पाचशे मोजून घ्या, म्हणजे चूक कमी होते.

मोजलेलं लिहून ठेवायला शंभर पानी वही पुरे. मोबाइलवरची स्प्रेडशीटही चालेल. रकाने सहाच ठेवा: वस्तू, माप किंवा शेड, किती आहे, कितीला घेतलं, कुठून घेतलं, कधी घेतलं. लोकरीच्या आणि सुती धाग्याच्या लडीवर शेड नंबरबरोबर लॉट नंबरही असतो, तोही टिपा. शेड तीच पण रंगवण्याची खेप वेगळी असेल, तर रंगात बारीक फरक पडतो. दुकानात तो दिसत नाही. अर्धं विणून झालेल्या स्वेटरवर मात्र आडवी रेघ ओढल्यासारखा उठून दिसतो.

मिसळणाचा डबा, फडताळ आणि माळा

आता सामान ठेवायचं कुठे? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे.

रोजच्या फोडणीचं सामान मिसळणाच्या डब्यात असतं. मोहरी, जिरं, हळद, तिखट सगळं एकाच ठिकाणी, एका हाताच्या अंतरावर, झाकण काढलं की एका नजरेत. त्याच जिऱ्याची मोठी बरणी फडताळात असते. आणि वर्षाचं तिखट, चिंच किंवा साठवणीचं धान्य माळ्यावर. वस्तू तीच, पण तिचे तीन मुक्काम. खालचा संपला की वरून भरायचा.

क्राफ्टच्या सामानाला हेच लावा. कामाच्या जागेवरून न उठता हात पोचेल तिथे फक्त रोजचं: कात्री, पक्कड, गोंद, मोजपट्टी, चालू ऑर्डरचे मणी. उठून दोन पावलांवर आठवड्याला लागणारं. आणि माळ्यावर किंवा पलंगाखाली हंगामी सामान. गणपतीच्या सजावटीचं सामान डिसेंबरमध्ये टेबलाजवळ असण्याचं कारण नाही.

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळातल्या कंपोझिटरची पेटीही अशीच होती. शिशाच्या खिळ्यांसाठी पेटीत लहानमोठी घरं केलेली असत. वारंवार लागणाऱ्या अक्षरांची घरं मोठी आणि हाताजवळ, क्वचित लागणाऱ्यांची छोटी आणि कडेला. सरावलेला कंपोझिटर घराकडे न बघता नेमका खिळा उचलायचा. जागा ठरलेली होती, म्हणून हाताला ती पाठ होती.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरातलं आहे: उतरंड. एकावर एक रचलेली मडकी जागा वाचवतात, पण सगळ्यात खालच्या मडक्यातलं काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात. एकावर एक सहा डबे रचले की हेच होतं. खालचा डबा महिनोन्महिने उघडला जात नाही आणि त्यातल्या वस्तू पुन्हा विकत आणल्या जातात. म्हणून वर झाकण असलेल्या डब्यांपेक्षा समोरून ओढायचे छोटे खण बरे. रचायचेच असतील तर दोनावर तिसरा नको.

उंचीचाही विचार करा. कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा सर्वात मोलाचा, तिथे जास्त वापराच्या वस्तू. रेझिनचे कॅन, मेणाच्या लाद्या, कापडाचे गठ्ठे असं जड सामान खाली. डोक्याच्या वर फक्त हलकं आणि न फुटणारं.

दिसेल तेच सापडेल

अमेरिकी पाककला लेखिका ज्युलिया चाइल्ड यांच्यासाठी त्यांचे पती पॉल यांनी १९६१ साली केंब्रिजच्या घरात स्वयंपाकघर सजवलं. भिंतीवर छिद्रांची फळी ठोकून तिच्यावर भांडी टांगली आणि प्रत्येक भांड्याभोवती त्याच्या आकाराची रेघ काढली. जागा रिकामी दिसली की कोणतं भांडं बाहेर आहे हे लगेच कळायचं. ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

हीच युक्ती अनेक कारखान्यांमध्ये आणि गॅरेजमध्ये पान्यांसाठी वापरतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नसतील, तर फळी टेबलावर भिंतीला टेकवून उभी करा. पक्कड, कात्र्या, क्रोशाच्या सुया, ब्रश यांची बाह्यरेषा मार्करने काढा. काम संपल्यावर रिकामी रेघ दिसली, तर वस्तू टेबलावरच्या कागदांखाली आहे. ती शोधायची वेळ आत्ताची आहे, दहा दिवसांनंतरची नाही.

डबे पारदर्शक घ्या. नसतील तर आतल्या वस्तूचा एक नमुना झाकणावर चिकटवा. एक मणी, लेसचा एक तुकडा, एक बटण. शब्दांपेक्षा नमुना लवकर ओळखू येतो. चिठ्ठी लावायची तर ती झाकणावर नको, डब्याच्या अंगावर लावा, कारण झाकणांची अदलाबदल होते.

आणखी एक सवय फार उपयोगी आहे: एका ऑर्डरला एक ट्रे. ऑर्डर पक्की झाली की तिचं सगळं सामान मोजून एका ताटात किंवा ट्रेमध्ये काढायचं, सोबत ग्राहकाचं नाव, तारीख आणि डिझाईनची चिठ्ठी. काय कमी आहे ते पहिल्या दिवशीच कळतं, शेवटच्या रात्री नाही. घरात लहान मूल असेल किंवा पाहुणे आले, तर अख्खा ट्रे उचलून वर ठेवता येतो. जेवणाच्या टेबलावर काम करणाऱ्यांसाठी तर हा ट्रेच स्टुडिओ.

संपायच्या आधी कसं कळेल?

सामान जास्त होणं हा एक त्रास, ऐन वेळी संपणं हा दुसरा. त्यावरचा उपाय मोटारींच्या कारखान्यातून आला.

जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओहनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत 'कानबान' पद्धत घडवली. त्यामागची कल्पना त्यांना अमेरिकी सुपरमार्केटवरून सुचली होती. ग्राहकाने फळीवरून जेवढं उचललं, तेवढंच दुकान पुन्हा भरतं. तसंच कारखान्यातही, जेवढं वापरलं तेवढंच मागवायचं.

याची घरगुती आवृत्ती म्हणजे दोन पुड्यांची पद्धत. प्रत्येक नेहमीच्या वस्तूचे दोन भाग करा. मोठा भाग वापरायचा. छोटा भाग बंद पुडीत, त्याच डब्यात तळाशी. मोठा भाग संपून पुडी फोडायची वेळ आली, की तेव्हाच ती वस्तू बाजाराच्या यादीत लिहायची. पुडी संपायची वाट बघायची नाही.

पुडीत किती ठेवायचं? समजा, आठवड्याला २०० मणी लागतात आणि बाजारात जाऊन यायला किंवा ऑनलाइन मागवायला एक आठवडा लागतो. मग २०० तर हवेतच. वर सणाच्या घाईसाठी १०० धरा. म्हणजे पुडी ३०० मण्यांची. राखीपौर्णिमा, गणपती, नवरात्र आणि दिवाळी असे चार हंगाम पाठोपाठ येतात, तेव्हा मागणी वाढते आणि सामान यायलाही उशीर होतो. त्या महिन्यांत पुडी दुप्पट करा.

याच जपानी कारखान्यांतून '५ एस' नावाची शिस्तही जगभर गेली. सेइरी म्हणजे नको ते वेगळं काढणं, सेइतोन म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा, सेइसो म्हणजे स्वच्छता, सेइकेत्सू म्हणजे सगळ्यांना समजेल अशी एकच पद्धत आणि शित्सुके म्हणजे ती रोज पाळणं. पहिले तीन 'एस' एका रविवारी होतात. घोडं अडतं ते शेवटच्या दोनांवर.

पावसाळा: सामानाची खरी परीक्षा

परदेशी व्हिडिओंमधला सल्ला आपल्याकडे इथे तोकडा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई आणि कोकणात हवेतली सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशी रोखायची तर ती ६० टक्क्यांच्या खाली असावी लागते. म्हणजे उघड्यावर ठेवलेलं सामान पावसाळाभर धोक्यात असतं.

कागद आणि कार्डशीट ओल शोषून वाकतात. ते उभे टेकवू नका, आडवे सपाट ठेवा आणि बाहेरच्या भिंतीला लागून नको, कारण ओल तिथूनच येते. एमडीएफच्या पाट्यांचं दुखणं त्याहून वाईट. एकदा पाणी पिऊन फुगल्या की वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडव्या ठेवा. ताग आणि सुती दोरीला वास येतो, बुरशी धरते. ओलसर वाटली तर डब्यात भरण्याआधी उन्हात वाळवा.

लोकरीला कसर लागते. तिच्या अळ्या प्राण्यांपासून आलेले धागे खातात, ॲक्रिलिकचे नाही. म्हणून लडीवरची चिठ्ठी वाचा. खरी लोकर असेल तर घट्ट बंद पिशवीत ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून झटका. लहान मुलं असलेल्या घरात डांबरगोळ्या टाळलेल्या बऱ्या, त्यांची वाफ आणि चुकून गिळली जाणं, दोन्ही घातक असतात.

ओल शोषायला सिलिका जेल चांगलं. पण बुटांच्या खोक्यातून निघालेल्या पुड्या बहुधा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारं जेल घ्या, नारिंगी जेल भिजलं की हिरवं होतं. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं, मात्र त्याच वेळी आत खाण्याचं काही नको. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. आणखी एक गोष्ट: डबा हवाबंद नसेल तर जेल अख्ख्या खोलीची ओल शोषत बसतं आणि दोन दिवसांत निकामी होतं.

झटपट चिकटणारा इन्स्टंट ग्लू हवेतल्या ओलीमुळेच घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात नळी लवकर वाळते. नळी सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डबीत ठेवा.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. मेणबत्त्यांचं सोया मेण साधारण ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान वितळतं. विदर्भात मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ च्या आसपास जातो, मग पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर काय होत असेल? मेण, पॉलिमर क्ले आणि सुगंधी तेलं घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या खणात ठेवा. तेलं गडद काचेच्या बाटलीत टिकतात.

इपॉक्सी रेझिनला थंडी सोसत नाही. हिवाळ्यात ते कधी कधी गढूळ, दाणेदार होतं. फेकू नका. बंद बाटली कोमट पाण्यात ठेवली की बहुधा पुन्हा पारदर्शक होतं. हार्डनर मात्र हवा लागून आणि जुना होऊन पिवळा पडतो आणि तो पिवळेपणा पाटीत उतरतो. म्हणून बाटली ज्या दिवशी फोडली ती तारीख तिच्यावर लिहा आणि जुनी बाटली आधी संपवा. दोन्ही बाटल्यांच्या झाकणांवर वेगवेगळ्या रंगाचा ठिपका द्या. झाकणांची अदलाबदल झाली, तर दोन द्रव एकत्र येऊन झाकण कायमचं चिकटतं.

डब्याच्या तळाचा आकडा बघितलाय?

प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. पॉलिमर क्ले ठेवणाऱ्यांनी तो जरूर बघावा.

या क्लेला मऊ ठेवणारं रसायन काही प्रकारच्या प्लास्टिकवर हल्ला करतं. ६ आकड्याचा डबा, म्हणजे कडक, काचेसारखा चकचकीत पॉलिस्टायरिनचा डबा, काही दिवसांत चिकट होऊन क्लेला धरून बसतो. ५ आकड्याचा पॉलिप्रॉपिलिनचा, किंवा २ आणि ४ आकड्यांचा पॉलिथिनचा डबा चालतो.

चांदीच्या आणि चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तूंचा शत्रू असतो रबरबँड. रबरातल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. कानातल्यांच्या जोड्या रबराने बांधून ठेवल्या असतील, तर आजच सोडा. प्रत्येक जोडी छोट्या झिप पाऊचमध्ये, आतली हवा काढून ठेवा.

सिलिकॉनच्या साच्यांवर वजन ठेवू नका आणि त्यांची घडी घालू नका. साचा वाकडा झाला, की त्यातून निघणारी प्रत्येक वस्तू वाकडी निघते.

जिथे सामान सांडलं तर फक्त पैसे जात नाहीत

घरात स्टुडिओ असला, की त्याच घरात गॅस पेटतो, देवघरात निरांजन लागतं आणि मुलं खेळतात. हा भाग आवराआवरीचा नाही, जपण्याचा आहे.

आयसोप्रोपिल अल्कोहोल रेझिन पुसायला आणि अल्कोहोल इंकच्या कामात वापरतात. साधारण १२ अंश तापमानालाच त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. थिनरलाही हेच लागू. या बाटल्या स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ नकोत. लागेल तेवढीच छोटी बाटली आणा, ती घट्ट बंद ठेवा आणि काम करताना खिडकी उघडा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत असा द्रव कधीही काढून ठेवू नका.

रेझिन ढवळलेला चमचा, मेण वितळवलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका. त्यांना लाल रंगाची खूण करा, म्हणजे घरातल्या इतरांनाही कळेल.

फ्रिज मॅग्नेटसाठी आणलेली छोटी चुंबकं आणि शोभेच्या दिव्यांचे बटण सेल कुलुपात ठेवा. एकाहून जास्त चुंबकं पोटात गेली तर ती आतड्यांच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना ओढतात. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

उरलेल्या तुकड्यांचं काय?

सोनाराच्या दुकानातली धूळ विकत घेऊन, ती चाळून-धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे होते. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी तर घरोघरी होती. त्यामुळे तुकडा टाकताना आपला हात अडखळतो, आणि ते योग्यही आहे.

पण गोधडीसाठी ठेवलेला तुकडा गोधडीत जात असे. आपल्याकडे तो फक्त ठेवला जातो. म्हणून तुकड्यांना एकच डबा द्या, आणि तो भरला की नवीन तुकडा येण्याआधी जुना काहीतरी बाहेर गेला पाहिजे. वर्षातून दोनदा, समजा दिवाळीनंतर आणि पावसाळ्याआधी, त्या डब्यातूनच काहीतरी करायचं: बुकमार्क, भेटीच्या पाकिटांवरचे टॅग, मिश्र मण्यांची पाकिटं. सामानाची किंमत आधीच वसूल झालेली असते, त्यामुळे विकलं जाईल त्यातून मिळतो तो बहुतेक निव्वळ नफा.

रोजची पाच मिनिटं

एक रविवार घालवून केलेली मांडणी पंधरा दिवसांत मोडते, असा बहुतेकांचा अनुभव आहे. ती टिकवायची तर काम थांबवायची वेळ पाच मिनिटं अलीकडे आणा. त्या पाच मिनिटांत अवजारं रेघांवर, उरलेले मणी डब्यात, झाकणं पुसून बंद आणि संपत आलेलं यादीत. नवीन सामान आणलं की ते दुकानाच्या पिशवीतून काढून, चिठ्ठी लावून आणि वहीत लिहूनच खणात जाईल. पिशवी तशीच कपाटात सरकवली, की पहिल्या पानावर परत आलात समजा.

माझ्या त्या मैत्रिणीने मोठं काही केलं नाही. पलंगाखालचे खोके काढून दहा छोटे खण घेतले, एक वही घातली आणि बाजाराला निघण्याआधी वहीचं ते पान मोबाइलवर फोटो काढून न्यायला सुरुवात केली. पुढच्या राखीपौर्णिमेला ती पुन्हा अब्दुल रहमान स्ट्रीटवर उभी होती. दुकानदाराने सोनेरी मण्यांचं पाकीट पुढे केलं. तिने फोन उघडून पाहिलं आणि म्हणाली, "हे नको काका, घरी सातशे आहेत."